फीत कापली, लेसर बंद पडला: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी सरकारी रुग्णालयातून मी तपासणी न होताच परत आले. ज्या फोटोअकूस्टिक यंत्राची (प्रकाश टाकून उमटणाऱ्या ध्वनीतून गाठ तपासणारं यंत्र) फीत आपण कापलीत, त्याचा लेसर चार महिन्यांपासून बंद आहे. "दुरुस्तीची फाइल वर गेलीय," एवढंच उत्तर मिळालं. वर्षभरात असं यंत्र प्रत्येक सरकारी रुग्णालयात देऊ, हा आपलाच शब्द होता.

माझ्या स्तनात गाठ आहे. दोन वर्षांत तीनदा बायोप्सी झाली, तिन्ही वेळा साधी गाठ निघाली. पण अहवाल येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. धाकटी रात्री उठून माझा श्वास चालू आहे ना, ते बघते. तिला काय सांगू, साहेब?

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून हे जास्त झोंबतं. हे यंत्र गाठीवर लेसरचा प्रकाश टाकतं. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं, किंचित तापून फुगतं, त्यातून ध्वनी उमटतो आणि तो सोनोग्राफीसारखाच प्रोब टिपतो. गाठीभोवतीचं रक्त, त्यातला प्राणवायू कळतो, आणि त्यावरून गाठ साधी की कर्करोगाची याचा अंदाज बांधायला मदत होते. प्रकाशातून ध्वनी निघतो हे टेलिफोनवाल्या बेलने १८८० साली दाखवलं. स्तनातल्या गाठींसाठी अशा यंत्राला अमेरिकेत २०२१ साली मंजुरीही मिळाली.

घोडं अडतं ते लेसरपाशी. तो महाग, अवजड, नाजूक. त्याला वेगळी खोली आणि चष्मे लागतात. त्याऐवजी लेसर डायोड (चिपएवढे छोटे लेसर) किंवा एलईडी वापरता येतात, ते मुठीत मावतात. त्यांचा प्रकाश क्षीण, खोलवरचं कमी दिसतं, हे मी नाकारत नाही. पण ते सेकंदाला प्रकाशाचे हजारो स्पंद (क्षणिक झोत) देऊ शकतात, आणि शंभर स्पंदांची सरासरी घेतली की गोंगाटातून संकेत दहापट वर येतो. माझी गाठ तर बोटाला लागते, इतकी वर आहे!

तरी आपल्या खात्याच्या निविदेत अट काय, तर मोठ्या ऊर्जेचाच लेसर. म्हणजे स्वस्त यंत्र बनवणारा दारातच बाद. असलेल्या सोनोग्राफी यंत्राला जोडता येईल असा प्रकाशस्रोत मागवा, सरकारी रुग्णालयांत त्याच्या चाचण्या घ्या, दुरुस्तीचा करार खरेदीतच घाला. एवढंच मागते आहे.

उद्घाटनाला मंडप एका रात्रीत उभा राहतो, दुरुस्तीच्या कागदावर सही व्हायला चार महिने पुरत नाहीत. हे एका यंत्राचं नाही. खरेदी करणाऱ्यांपैकी कुणालाच त्या बाकावर बसून नंबरची वाट पाहावी लागत नाही, म्हणून हे असं चाललंय.

मला चौथ्या बायोप्सीची तारीख मिळाली आहे. सोमवार, सकाळी नऊ.

आपली,
एक रुग्ण