माशाचे यकृत आणि किनाऱ्याचे पाणी

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासण्याची सोय असताना किनाऱ्यालगतचे प्रदूषण जोखण्यासाठी मासे पकडून चिरण्याची गरज काय, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर चार ओळींत आटोपणारे नाही. बाटलीत भरलेले पाणी ही त्या घटकेपुरती नोंद असते. भरतीला एक आकडा येतो, ओहोटीला दुसरा, आणि रात्री कोणी सांडपाणी सोडून दिले असेल तर सकाळच्या बाटलीत त्याचा मागमूसही नसतो. शिवाय आकडा हाती आला तरी तेवढ्या मात्रेने सजीवाचे काय होते, हे तो सांगत नाही. मासा मात्र त्याच पाण्यात अहोरात्र श्वास घेतो, तिथलेच खातो, आणि एकेकटी निरुपद्रवी वाटणारी दहा रसायने एकत्र आल्यावर काय होते ते त्याच्या शरीरावर उमटते.

मग माशाचे मांस तपासले की झाले, असे तू म्हणशील. पारा आणि पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांच्या तेलातील टिकाऊ क्लोरीनयुक्त रसायने) यांच्यापुरते ते बरोबर आहे, कारण ते शरीरात साठत जातात. परंतु खनिज तेल, डांबर आणि धूर यांतून येणारी ‘पीएएच’ नावाची संयुगे माशाचे यकृत झपाट्याने मोडते आणि पित्तावाटे बाहेर टाकते. त्यामुळे मांस निर्मळ ठरते आणि मासा मात्र आजारी असतो. म्हणून पित्त तपासावे लागते. त्यातही एक मेख आहे: नुकत्याच खाल्लेल्या माशाचे पित्ताशय रिकामे झालेले असते, तर उपाशी माशाचे भरलेले असते आणि त्यातले पित्त दाट असते, त्यामुळे ही बाब लक्षात न घेता दोन ठिकाणांची तुलना केली तर निष्कर्ष हमखास चुकतो.

खरी कहाणी यकृतात असते. मासा मेल्यावर यकृत फार लवकर खराब होते, म्हणून तो जिवंत असतानाच बोटीवर आणून, मारल्याबरोबर यकृताचा तुकडा फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात टाकतात. पुढे तो मेणात बसवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निरोगी पेशींच्या एकसारख्या गुलाबी पटात वेगळ्याच छटेचे बेट दिसले, की जाणकार थबकतो, कारण गाठ होण्याआधीची ती पायरी असू शकते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील प्युजेट साउंड येथे ‘इंग्लिश सोल’ या लेप्यासारख्या चपट्या माशावर झालेले काम मला या विषयात सर्वांत पटणारे वाटते. तिथल्या ईगल हार्बर या खाडीत लाकूड कुजू नये म्हणून त्यावर क्रिओसोट या डांबरी तेलाची प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यामुळे तळाचा गाळ पीएएचने भरला होता आणि माशांच्या यकृतात गाठी आढळत होत्या. अशा गाळाचा अर्क निरोगी माशांना टोचल्यावर प्रयोगशाळेतही गाठींच्या आधीच्या खुणा उमटल्या. १९९३-९४ मध्ये त्या गाळावर स्वच्छ वाळू-मातीचा थर पसरण्यात आला, आणि पुढील वर्षांत पित्तातील अवशेष आणि यकृताचे विकार दोन्ही लक्षणीय घटले. दूषित जागी रोग आढळणे हा योगायोग म्हणता येईल. पण गाळ झाकल्यावर रोगही ओसरला, तर आक्षेपाला फारशी जागा उरत नाही.

इतर खुणा थोडक्यात सांगतो. अंड्यातील बलकासाठी लागणारे व्हायटेलोजेनिन हे प्रथिन नराच्या रक्तात सापडले, तर पाण्यात स्त्री-संप्रेरकासारखे काही आहे असे समजावे. इंग्लंडमध्ये शहरी सांडपाण्याच्या प्रवाहात ठेवलेल्या नर ट्राउट माशांत ते सापडले होते. मेंदूतील ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंचे संदेश आवरते घेणारे विकर मंदावले असेल, तर संशय ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट कीटकनाशकांवर जातो.

अंगावरच्या जखमांवर मात्र माझा तितकासा विश्वास नाही. त्या नजरेत भरतात, छायाचित्रात चांगल्या येतात; पण जाळ्याचा ओरखडा, जिवाणू, विषाणू किंवा विणीच्या हंगामातील अशक्तपणा यांनीही त्या होतात. उत्तर समुद्रात ‘डॅब’ या चपट्या माशांच्या अशा रोगांची नोंद अनेक वर्षे ठेवली गेली, आणि तिचे मोल एखाद्या वर्षाच्या आकड्यात नसून त्या सातत्यात आहे.

मासा कोणता निवडायचा, यावर निम्मे काम अवलंबून असते. दूरवर भटकणारा मासा कुठले विष घेऊन आला ते कळत नाही, म्हणून तळाशी गाळात बसणारा आणि फारसा न हलणारा चपटा मासा बरा. त्याचे वयही ठाऊक हवे, कारण यकृताच्या गाठी वयाबरोबर वाढतात. कानातील ऑटोलिथ या चुनखडीच्या खड्यावरची वर्तुळे मोजून ते ठरवतात. एका ठिकाणी म्हातारे मासे आणि दुसऱ्या ठिकाणी कोवळे सापडले, तर स्वच्छ पाणीही दूषित ठरेल. लिंग, हंगाम आणि तापमान यांचेही तसेच.

तेव्हा पाण्याची तपासणी बंद करा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मासा आजारी आहे हे यकृत सांगेल, पण त्यामागे कोणते रसायन आहे याचा शोध गाळाच्या आणि पाण्याच्या विश्लेषणाशिवाय लागत नाही. मात्र निधी अपुरा असेल आणि दर महिन्याच्या पाण्याच्या बाटल्या की वर्षातून एकदा, एकाच हंगामात, त्याच जागी पकडलेल्या सारख्या वयाच्या माशांची यकृते, असा प्रश्न आला, तर मी यकृतांच्या बाजूने मत देईन. तुझे मत वेगळे असेल तर कारणांसह कळव.

तुझा,
वसंत