चुवाश ड्रॅगनला ‘रशियन’ म्हणू नका

रविवार पुरवणीतील ‘जगभरचे ड्रॅगन’ हा लेख आवडला. मात्र त्यात ‘वेरे शेलेन’ला रशियन ड्रॅगन म्हटले आहे, ते खटकले. हा अग्निसर्प व्होल्गाकाठच्या चुवाश लोकांचा. रात्री तो माणसाचे रूप घेऊन स्त्री-पुरुषांच्या शय्येशी येतो, अशी समजूत आहे. (खजिना राखणारा आपला नाग त्यापुढे फारच सोवळा!) चुवाशिया रशियात असला तरी चुवाश ही रशियनसारखी स्लाव्ह नव्हे, तुर्की कुळातील भाषा, तिच्या ओघुर शाखेतील तेवढीच आज जिवंत आहे. ‘शेलेन’ म्हणजे साप, आणि तुर्कस्तानातील ‘यिलान’ हा त्याचाच सख्खा भाऊ. शेजारच्या रशियन लोककथांतही असा अग्निसर्प आहे, पण म्हणून चुवाशांचे नाव का पुसावे?

— एक वाचक, पुणे