जपमाळ आरशाला, शिवी तोंडाला

महोदय,

गेल्या रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) संपल्यावर चर्चच्या फाटकाशी गाड्यांची कोंडी झाली. आरशाला जपमाळ लटकवलेल्या एका गृहस्थांनी काच खाली करून समोरच्या रिक्षावाल्याच्या आईचा उद्धार केला. पाचच मिनिटांपूर्वी ते माझ्या शेजारी उभे राहून गात होते, तेही सुरात!

ज्या तोंडाने देवाची स्तुती, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात चुकीचंच ठरवलं आहे. एका झऱ्यातून गोडं आणि खारं पाणी येत नाही, असं तो म्हणतो. पण बोटावर हातोडी बसल्यावर निघालेलं ‘च्यायला’ मी त्याच तराजूत घालणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात येशूचा रोख असभ्य शब्दांवर नाही, भावाला तुच्छ लेखण्यावर आहे. आपल्या शिव्या तर बहुतेक आया-बहिणींवर, नाहीतर जातीवर. ‘सवयीने तोंडात येते’ हे समर्थन तिथे मला पटत नाही.

येशूला अटक झाली त्या रात्री, कोंबडा आरवण्यापूर्वी महायाजकाच्या अंगणात येशूचा शिष्य पेत्रही ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणत शाप देत, शपथा वाहत होता. नंतर तो ढसाढसा रडला. आमच्या गृहस्थांनी मात्र काच वर केली आणि हॉर्न वाजवला.

– एक वाचक, वसई