ऑफसेटला हात लावण्याआधी

नाशिक

चि. मृणाल हिस, अनेक आशीर्वाद.

ऑपरेटर कंट्रोल चार्टकडे, म्हणजे मापांचे ठिपके मांडून मशीन स्थिर आहे का हे दाखवणाऱ्या तक्त्याकडे, पाहतच नाहीत, मग तो भरायचा कशासाठी, असे तू परवा विचारलेस. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

मी अंबडला कामाला असताना आमच्या लाइनवर २५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट होत असे आणि ड्रॉइंगवर अधिक-उणे २० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या वीस हजारांशांची, मुभा होती. तिथला एक अतिशय प्रामाणिक ऑपरेटर प्रत्येक जॉब, म्हणजे तयार झालेला शाफ्ट, मायक्रोमीटरने मोजायचा. माप चार मायक्रॉन वर गेले की ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये टूलची जागा सरकवणारा आकडा, तेवढाच खाली घ्यायचा, खाली गेले की वर. तरीही रिजेक्शन वाढतच होते आणि सगळा दोष त्याच्यावर येत होता. मीही त्याला सुनावले होते, याचे आजही वाईट वाटते.

अखेर एका शिफ्टमध्ये ऑफसेटला अजिबात हात न लावता आम्ही दर वीस मिनिटांनी सलग पाच जॉब मोजले. गटातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक, म्हणजे रेंज, सरासरीने १३ मायक्रॉन आली. पाचांच्या गटासाठी ठरलेल्या ०.५७७ या गुणकाने तिला गुणले की साडेसात मायक्रॉन येतात. प्रत्येक गटाची सरासरी आम्ही चार्टवर ठिपक्याने मांडली, त्या सगळ्यांच्या सरासरीवर मध्यरेषा काढली आणि तिच्या वर आणि खाली तेवढ्या अंतरावर सीमा आखल्या. सरासरीचे सगळे ठिपके आत होते. म्हणजे तो चार मायक्रॉनचा फरक मशीनचा अंगचाच होता, आणि बिचारा त्याच्यामागे धावून तो आणखी वाढवत होता. स्थिर मशीनवर प्रत्येक जॉबनंतर अशी दुरुस्ती केली, तर मापांचा पसारा सुमारे १.४ पट होतो.

अंगच्या आणि बाहेरून आलेल्या कारणांमधला हा भेद वॉल्टर शूहार्ट यांनी स्पष्ट केला. वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना मे १९२४ मधल्या एका छोट्या टिपणात त्यांनी पहिला कंट्रोल चार्ट मांडला.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळ. सरासरीच्या चार्टवर ड्रॉइंगची मुभा आखू नकोस. ती एकेका जॉबसाठी असते आणि पाचांची सरासरी स्वभावतःच कमी हलते, त्यामुळे बिघाड होऊनही ठिपके खुशाल आत दिसत राहतील.

ठिपका सीमेबाहेर गेला, किंवा सलग आठ ठिपके मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले, तर मात्र त्याच वेळी कारण शोध. व्यास हळूहळू वाढत असेल, तर आधी इन्सर्टची, म्हणजे टूलच्या बदलता येणाऱ्या पात्याची, धार पाहा. आमच्याकडे डिसेंबरच्या थंडीत पहिल्या शिफ्टचे ठिपके वेगळेच पडत. जॉब फिरवणारा स्पिंडल गरम होऊ दिल्यावर ते जागेवर आले. चार्टच्या कडेला इन्सर्ट केव्हा बदलला, बारचा नवा लॉट केव्हा लावला, हे ऑपरेटरलाच त्याच्या हाताने लिहू दे; आमचे ऑपरेटर तेव्हापासून चार्ट पाहू लागले.

पहिले पंचवीस गट झाले की सीमा काढ आणि चार्टचा फोटो मला पाठव, रेंजच्या चार्टसह. रेंजचा चार्ट मी आधी पाहीन.

तुझे
बाबा