कोथरूडच्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

भोसरीच्या आमच्या कारखान्यातल्या कास्टिंगचे, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या धातूच्या भागांचे, जुने फोटो अखेर सगळे उघडले. फोनवर सांगितलंच आहे, पण हे आभार चारचौघांत मानायला हवेत, म्हणून हे पत्र.

तपासणीच्या कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर बंद पडला आणि फोटो दाखवणारं सॉफ्टवेअरही त्याच्याबरोबर गेलं. हातात उरल्या नुसत्या कच्च्या फाइली, ना जेपेग ना बीएमपी. ‘आता विसरा’ असंच जो तो सांगत होता.

तुम्ही कोडला हातच लावला नाहीत. आधी विचारलंत, “फाइल किती बाइटची?” २६,२१,९५२. मग पेपरच्या कडेला गणित मांडलंत. कॅमेरा १२८० बाय १०२४ चा, म्हणजे १३,१०,७२० पिक्सेल. दर पिक्सेलला दोन बाइट धरले तर २६,२१,४४०. “वर ५१२ उरले. तो हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची माहिती. तेवढा सोडून पुढचं वाच.” फाइल न उघडताच तिची मांडणी कळली! मला आजही याचंच सगळ्यात अप्रूप वाटतं.

पुढे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आकडे वाचले, तर एका पिक्सेलची किंमत निघाली ६१,४५५. कॅमेरा बारा बिटांचा, त्यात ४०९५ च्या वर काही येणारच नाही, हे तुम्ही लगेच पकडलंत. बाइटचा क्रम उलटा वाचला आणि तोच पिक्सेल ४०८० झाला. “आधी १६ ने भाग, मगच आठ बिटांत टाक,” हेही तुमचंच. तसं केलं नाही तर वरचे बिट गळतात आणि उजळ भागात भलतेच काळे डाग उमटतात. आमच्या कामात तर असा डाग म्हणजे ब्लो होल (ओतकामात वायू अडकून पडलेलं भोक) समजून चांगला माल बाद व्हायचा.

तयार लायब्ररी असताना पहिलं चित्र तुम्ही मला हाताने लिहायला लावलंत. वर ‘पी५’, मग रुंदी-उंची, मग २५५, आणि त्याखाली सगळे पिक्सेल ओळीने. पीजीएम फाइल, म्हणजे करड्या छटांच्या चित्राची साधी फाइल, एवढीच असते. ती उघडली आणि पंपाच्या बॉडीची कड स्क्रीनवर स्वच्छ दिसली, तेव्हा काकूंनाही तुम्ही हाक मारून बोलावलंत.

त्या फोटोंमुळे आता जुन्या आणि नव्या साच्यांतला माल शेजारी शेजारी ठेवून बघता येतो. कारखान्यातली दोन मुलं हे काम स्वतः करतात, आणि नवी फाइल आली की आधी बाइट मोजतात.

आता रंगीत कॅमेरा आलाय. त्यात दर पिक्सेलला एकच रंग मोजलेला असतो, चारांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. बाकीचे शेजारच्यांवरून काढायचे. कडांपाशी रंग फाटतायत. रविवारी सकाळी फाइल घेऊन येऊ का?

आपला,
भोसरीचा विद्यार्थी