‘मारा मुकुताफारांची’

निशी-कासाई, टोकियो
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुमे,

आठ महिने तुला पत्र नाही. रागाव हवं तर, पण आधी वाच. आमच्या तब्येती ठीक, माझी पाठ अधूनमधून धरते, चालायचंच.

काल जिंबोच्योला जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात पिंक लेडी या जपानी गायिकाजोडीची १९७९ची एलपी मिळाली. अमेरिकेसाठी काढलेली, सगळी इंग्रजीतली. शिझुओकातल्या शाळेपासूनच्या दोन मैत्रिणी, एकीचं नाव केइ आणि दुसरीचं चक्क ‘मी’! चिऊ विचारते, मग मी कोण? १९७६ला पहिली रेकॉर्ड आली आणि लवकरच लागोपाठ नऊ गाणी पहिल्या नंबरवर. शेजारच्या बाईंना त्यातल्या ‘यूएफओ’ गाण्याचे हातवारे अजून पाठ आहेत, परवा लिफ्टपाशी करून दाखवले.

आणि मग अमेरिका. मायकेल लॉइड नावाचा निर्माता, डिस्कोचा ठेका, आणि या दोघींना इंग्रजी जेमतेम. उच्चार घोकून गायल्या. ‘किस इन द डार्क’ तिकडच्या यादीत ३७व्या नंबरापर्यंत गेलं. १९६३च्या क्यू साकामोतो या गायकानंतर पहिल्या चाळिसात गेलेलं हे पहिलं जपानी नाव! पुढे १९८०मध्ये तिथल्या टीव्हीवरचा त्यांचा कार्यक्रम काही आठवड्यांत बंद पडला आणि १९८१च्या ३१ मार्चला कोराकुएन स्टेडियममध्ये दोघींनी निरोप घेतला.

आता तू म्हणशील, हे मला कशाला? सांगते. परवा चिऊच्या वहीत गणपतीची आरती सापडली. काताकानात, म्हणजे जपानी अक्षरांत! ऐकून ऐकून तिने स्वतःच उतरवलेली. काताकानात ना ळ, ना ल आणि र वेगळे. त्यामुळे माळेचं झालं ‘मारा’, आणि पुढे ‘मुकुताफारांची’. मी आधी पोट धरून हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे म्हणाले, म्हणते आहे ना, बास की. त्यांना नाही कळायचं. तुला कळेल, कारण स्नेहसंमेलनाच्या दोन दिवस आधी ते तमिळ गाणं तूच टाकलंस. “अर्थ माहीत नसलेलं तोंडातून काढणार नाही,” म्हणालीस. मी अख्खा हिवाळा तुझ्याशी बोलले नाही. निळी साडी मात्र परत दिली नाहीस, ते लक्षात आहे माझ्या.

तेव्हा तू चूक होतीस असं मला अजूनही वाटतं. सूर खरा लागला की अर्थ मागून येतो. पण काल ती एलपी दोनदा ऐकली आणि डळमळले गं. सूर पक्के आहेत, दोघींचे आवाज एकमेकींत असे मिसळलेत की कोण कुठली ते कळू नये. फक्त जपानी गाण्यांतला तो वात्रटपणा नाही. ओळीच्या शेवटी जीभ परक्याच्या घरी वावरावं तशी जपून वावरते. आमची चिऊ तशीच आहे. जपानीत भांडते, खोटं बोलते, मैत्रिणींना टोपणनावं ठेवते. मराठीत मात्र नेहमी शहाणी. “आई, मला पाणी हवं आहे,” असं पूर्ण वाक्य. मराठीत तिने मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही, सुमे. दहा वर्षांत एकदाही नाही. झोप येत नाही मला याने.

वही दुरुस्त करू का? केली तर ती म्हणायचीच बंद होईल. नाही केली तर ‘मारा’ कायमचं बसेल.

तुझं घराचं काम संपलं का? काकूंच्या गुडघ्याचं काय झालं? शाळेत तुला पुन्हा दहावीच दिलीय का? सगळं नीट कळव.

गणपतीला तीन आठवडे आहेत. रोज दहा मिनिटं चिऊला फोन कर. आरती नको. तिला भांडायला शिकव, शाळेत माझ्याशी भांडायचीस तसं. आणि ‘ळ’ पहिल्या दिवशी काढू नकोस.

तुझीच,
नमी