हा प्लॅटफॉर्म पळतो!

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत कॉम्प्युटर गेम म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी, असा सरसकट शेरा वाचला. मी 31 वर्षं रेल्वेत काढली, त्यातली बरीचशी हार्बर लाइनवर लोकल चालवण्यात. निवृत्तीनंतर नातवाने फ्लाइट सिम्युलेटरपुढे बसवलं. गेले चार महिने मी एफ-18 हॉर्नेट विमानवाहू नौकेवर उतरवायला शिकतोय, म्हणून हे पत्र.

मोटरमनचा जन्म जातो पाटीपाशी गाडी नेमकी उभी करण्यात. ब्रेक लावायचा, सैल करायचा, पुन्हा लावायचा. उभ्या माणसाला हिसका बसता कामा नये. इथे सगळंच उफराटं. चाकं डेकला टेकली की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पूर्ण पुढे! शेपटीखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला नाही, तर त्याच वेगात परत हवेत जायचं असतं. अडकला, तर दोन-तीन सेकंदांत विमान जागच्या जागी. माझा डावा हात मात्र टेकताक्षणीच मागे यायचा आणि विमान डेकच्या टोकावरून समुद्रात. ‘‘आजोबा, हे कुर्ला नाही,’’ नातू म्हणायचा.

त्यात हा प्लॅटफॉर्म पळतो. उतरायची पट्टी डावीकडे साधारण 9 अंश तिरकी आणि जहाज सरळ चाललेलं, त्यामुळे पट्टी सारखी उजवीकडे सरकते. डेककडे टक लावून बसलात की संपलं. नजर डावीकडच्या दिव्यांवर हवी. पिवळा गोळा हिरव्या रांगेच्या वर गेला तर तुम्ही उंच; खाली जाऊन लाल झाला, तर जहाजाच्या पार्श्वभागावर आपटणार. सिग्नलवर डोळा ठेवायची सवय तेवढी कामी आली. उंची स्टिकने नव्हे, थ्रॉटलने सांभाळायची, हे हाताला कळायला महिना गेला.

मोटरमनलाही सिम्युलेटरवर बसवतात, त्याला कुणी नासाडी म्हणत नाही. नौदलाच्या वैमानिकांसाठी गोव्यात आयएनएस हंसा या हवाई तळावर जमिनीवरच डेक उभारला आहे, तोही सरावासाठीच ना?

जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ संग्रहालय होती, तेव्हा मुलाला घेऊन गेलो होतो. डेक केवढा अफाट वाटला होता! परवा हिशेब केला. अख्खी नौका जेमतेम 213 मीटर, म्हणजे हल्लीची 12 डब्यांची लोकल तिच्याहून लांब. एवढ्याशा जागेत 1971च्या युद्धात सी हॉक लढाऊ विमानं उतरत होती. 2014मध्ये मुंबईत जहाजं तोडतात त्या दारूखाना भागात ती तोडायला घेतली, तेव्हा मी रे रोडवरून गाड्या नेत होतो. समोरच्या सिग्नलवरून नजर काढायची नसते, पण त्या दिवसांत मान तिकडे वळायचीच. ती राखता आली नाही, याचा राग अजून आहे. नातवाला दाखवायला आता फक्त पडदा उरलाय.

काल चारपैकी तिसरी तार पकडली. तीच पकडायची असते.

– एक निवृत्त मोटरमन, मुलुंड (पूर्व)